आधी बाप, मागं लेक

माझ्या हातून चर्चसाठी जी काही गाणी लिहून झाली, त्यांतलं सगळ्यात गाजलेलं गाणं पाखंडी होतं. हे मी कुठं बोलले की नवे पाळक हसतात, त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करते आहे. थट्टा मुळीच नाही. शब्द माझे, चाल शेजारच्या शमीमखालाकडून उचललेली आणि आवाज माझ्या पप्पांचा. नांदेडच्या आमच्या मिशन कंपाउंडात अख्खा एक हिवाळा ते गाणं प्रत्येकाच्या तोंडी होतं, आणि त्यात जे म्हटलं होतं ते सगळं चर्चनं शेकडो वर्षांपूर्वी मोठी सभा भरवून चूक ठरवलेलं होतं. मग स्वतःचंच गाणं हरवायची पाळी माझ्यावर आली, आणि मी ते हरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण जिंकल्याची गोष्ट पोटात ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही लई मिरवता. मिरवते. ज्याच्याजवळ मिरवण्यासारखं आहे त्यानं मिरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपाउंड म्हणजे दोन रांगांत बसलेली कौलारू घरं, मध्ये लिंबाचं झाड, आणि टोकाला चर्च. चर्चला घंटा नव्हती, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलेला होता, तो हातोड्यानं वाजवायचा. पहाटे आधी लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, मग मशिदीतली अजान, आणि रविवार असला तर शेवटी आमचा रूळ. पप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. उंच, किडकिडीत, हाताला ग्रीसचा कायमचा वास, आणि आवाज असा की डेपोतले ड्रायव्हर गाडी बंद करून ऐकत. मम्मी कंपाउंडातली बालवाडी चालवायची. सकाळी चुलीवर तिच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि पप्पांचं गुणगुणणं एका ठेक्यात चालायचं. थंडीच्या दिवसांत येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी असायची, तिच्यात भाकरी कुस्करून खायची आणि वर कच्चं तेल सोडायचं. आज माझ्या ताटात डॉक्टरनं ठरवलेलं जेवण असतं, पण येसराचा वास आला की मी कुणाच्याही घरात न बोलावता शिरते.

शाळेत आम्हा ख्रिस्ती पोरांना ठरलेला प्रश्न असायचा. तुमचा देव एक का तीन? बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असं म्हणता, मग एक कसा? मराठीचे गुरुजी माहूरकडचे, ते समजुतीनं म्हणायचे, "अरे म्हणजे आपला दत्तच की." शमीमखाला म्हणायची, "खुदा एक है बेटी, उसको बेटा कैसा?" दोघंही प्रेमानं बोलायचे आणि दोघांनाही काय सांगावं ते मला सुचायचं नाही. मग मी एक उत्तर तयार केलं. पाणी, बर्फ आणि वाफ, तिन्ही एकच. उत्तर इतकं झकास वाटलं की ते घेऊन मी आमच्या साळवे पाळकांकडे मिरवत गेले. साळवे पाळक म्हणजे बुटके, टक्कल पडलेले, सदा तंबाखू सोडण्याच्या बेतात असलेले गृहस्थ. ते ऐकून खूष झाले आणि म्हणाले, "शाबास. हे सबेलियस नावाच्या माणसाचं मत हाय. एकच देव कधी बाप होतो, कधी लेक होतो, सोंगं बदलल्यासारखा. त्याला चर्चमधून काढून टाकलं होतं." मग मी बेलाचं पान घेऊन गेले. तीन दलं, एक पान. ते म्हणाले, "म्हंजी देवाचे तीन तुकडे? हेबी गेलं." मी जो दाखला न्यावा तो आधीच कुणीतरी चुकून ठेवलेला निघायचा. असं करत करत, एकही पुस्तक न वाचता, मी दहावीच्या आत बहुतेक सगळी पाखंडं स्वतःच्या डोक्यानं शोधून काढली होती.

दर वर्षी सुगी आटोपली की लातूरला आमच्या मंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या लोकांचा, मोठा मेळावा भरायचा. उदगीर, निलंगा, देगलूर, कुठून कुठून लोक यायचे. प्रत्येक मंडळीनं काहीतरी सादर करायचं, आणि नवं गाणं असलं तर लाउडस्पीकरवरून कवीचं नाव पुकारलं जायचं. कवी अमुक अमुक, मुक्काम अमुक. पुकारलेलं प्रत्येक नाव पुरुषाचं असायचं. बायका गायच्या, टाळ्या वाजवायच्या, स्वयंपाक करायच्या. मला त्या लाउडस्पीकरवरून माझं नाव ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं. लग्नाच्या वयाच्या मुलीला साडी पाहिजे, सोनं पाहिजे, मला माझ्या नावामागं "कवयित्री" पाहिजे होतं, आणि ही गोष्ट मी साळवे पाळकांशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी पाळकांनी एरियसचं नाटक बसवायचं काढलं. एरियस हा इजिप्तमधल्या आलेक्झांड्रिया शहरातला धर्मगुरू. उंच, वाळका, बोलायला गोड. त्याचं म्हणणं साधं होतं. देव बाप आहे ना? मग पुत्र त्याच्या मागून आला. पुत्र फार मोठा, सगळ्या सृष्टीच्या वरचा, पण अखेर देवानं केलेला. म्हणजे एक काळ असा होता, की पुत्र नव्हता. आणि हे तो रुक्ष भाषेत सांगत बसला नाही, त्यानं त्याची गाणी केली. खलाशी ती गायचे, चक्कीवाले गायचे, प्रवासी गायचे, असं पाळक सांगायचे. त्याच्या विरुद्ध उभा राहिला अथनाशियस नावाचा एक तरुण, अंगानं लहानखुरा. शेवटी सम्राटानं निकाया नावाच्या गावी सगळ्या धर्मपुढाऱ्यांची सभा बोलावली. त्यांतले काही असे, की छळाच्या काळात त्यांचे डोळे काढलेले, पाय लंगडे केलेले. त्या सभेनं ठरवलं, पुत्र केलेला नाही, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. "पण पाळकसाहेब," मी विचारलं होतं, "एवढ्याशा शब्दावरून एवढं भांडण कामून?" ते म्हणाले, "जो स्वतःच केलेला हाय, तो आपल्यासारखाच झाला की. नदीत पडलेल्याला नदीत पडलेला कसा काढील? काढणारा काठावरून आला पायजे." नाटकात संत निकोलस एरियसच्या कानाखाली वाजवतो असाही प्रसंग होता. ही नुसती दंतकथा आहे असं पाळक पुन्हा पुन्हा बजावत, पण पोरांना ती सगळ्यात जास्त आवडली होती.

उंच आणि वाळका म्हणून पप्पा एरियस झाले, बुटकी म्हणून मी अथनाशियस. गाणी लिहायचं काम पाळकांनी मला दिलं, आणि मी सुरुवात एरियसपासून केली, कारण वाईट माणसाचं गाणं लिहायला सोपं असतं. शमीमखालाच्या घरी लग्न असलं की बायका ढोलक घेऊन बसायच्या आणि नवऱ्याकडच्यांना चिडवणारी गाणी म्हणायच्या. त्यांतलीच एक चाल मी घेतली. बंबासमोर पाणी तापायची वाट बघत असताना गाणं आपोआप झालं.

आधी बाप, मागं लेक,
रीत जगाची ही जुनी,
होता एक काळ असा,
नव्हता लेक ध्यानीमनी.

पप्पांनी एकदा ऐकलं आणि त्यांच्या गळ्यात ते बसलं ते बसलंच. डेपोत गाडीखाली झोपून नट आवळताना तेच, अंघोळीला तेच. जेवायला बसताना पहिली भाकरी स्वतःच्या ताटात ओढून ते माझ्याकडे बघत "आधी बाप, मागं लेक" म्हणायचे आणि मम्मी हसायची. आठवड्याभरात कंपाउंडातली सगळी पोरं दोरीवरच्या उड्या त्या ठेक्यावर मारायला लागली. शमीमखाला कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "क्या गाना बनाई तू! ये तो हमारीच बात है." आणि तिनं मला वाटीभर शीरखुर्मा दिला. एका रविवारी तर साळवे पाळक वेदीपाशी पाठमोरे उभे राहून प्रभुभोजनाची भाकर झाकता झाकता तेच गुणगुणले, आणि पहिल्या बाकावरच्यांनी ते ऐकलं. सगळ्यांना गाणं आवडत होतं, कारण ते घरोघरची रीत सांगत होतं. बाप मोठा, लेक धाकटा, यात न पटण्यासारखं काय आहे? एरियस त्या काळी का चालला असेल ते मला तेव्हा अगदी नीट कळलं.

मेळाव्याची सगळी व्यवस्था लातूरचे गायकवाड सर बघायचे. निवृत्त हेडमास्तर, कडक इस्त्रीचं धोतर, आणि चूक झाली की समोरच्याच्या तोंडावर सांगायची सवय. कार्यक्रम आधी तपासायला ते नांदेडला आले. फाटकातून शिरतात तोच पोरं उड्या मारत, "होता एक काळ असा, नव्हता लेक ध्यानीमनी." सर तिथंच थांबले. मग पाळकांच्या व्हरांड्यात बसून, पुढं आलेला चहा न घेता, म्हणाले, "साळवे, ज्याला निकायात हाकलला त्याला तुम्ही नांदेडात वाजतगाजत आणलाय." पाळकांनी नाटकात पुढं उत्तर आहे असं सांगितलं. "कुठंय उत्तर? म्हणा," सर म्हणाले. मी अथनाशियसचं गाणं म्हटलं. त्यात अनादी होतं, अनंत होतं, सनातन होतं, सगळं काही होतं, आणि ते ऐकताना लिंबाखाली बसलेलं कुत्रंसुद्धा उठून गेलं. मी गाऊन थांबले तर कुंपणापलीकडून पोरांचं तेच पहिलं गाणं सुरू.

सर माझ्याकडे वळले. ते ओरडले नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. म्हणाले, "पोरी, तुला लिहिता येतं, हे मी मान्य करतो. पण खोटं तुला गोड लिहिता येतं अन् खरं कडू. असं गाणारं माणूस मंडळीच्या कामाचं न्हाई. मेळाव्याला या. मी मंडपाच्या दारात उभा राहीन. लोक घरी जाताना एरियसचं गाणं म्हणत गेले, तर तुझं गाणं पुन्हा कुठल्या चर्चमध्ये घेऊ देणार न्हाई. अथनाशियसचं म्हणत गेले, तर मी स्वतः तुझं नाव पुकारतो." पाळक मध्ये पडायला लागले, तर मीच म्हणाले, "ठीक हाय, सर." माझ्या अंगात तेव्हाही भीतीपेक्षा राग लवकर यायचा.

त्यानंतर मी पानांमागून पानं फाडली. सूर्य आणि ऊन घेऊन बघितलं, झरा आणि पाणी घेऊन बघितलं. सगळं बरोबर होतं आणि कुणाच्या तोंडात बसत नव्हतं. शमीमखालाकडे जाऊन रडकुंडीला आले तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जवाब उसीच धुन में देना पड़ता. अलग धुन लगाई तो समझो हारी." त्यांच्या लग्नातली रीतच तशी होती. मुलाकडच्या बायका ज्या चालीत टोमणा मारतील, त्याच चालीत मुलीकडच्यांनी परतवायचा. आणि नुसती चाल नाही, त्यांच्याच शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची. मी घरी आले आणि "नव्हता लेक ध्यानीमनी" एवढीच ओळ घेऊन उंबऱ्यावर बसले. पुढं काय ते सुचेना.

दुपारचं जेवण झालेलं, पप्पा मागच्या अंगणात सायकल उलटी करून बसलेले. मम्मीला वरच्या फळीवरचा डबा काढून पाहिजे होता. तिनं आतून हाक मारली, "अहो, सुशीचे पप्पा." सुशी म्हणजे मी. आता हे सांगायला पाहिजे, कारण आजच्या मुलींना ते ठाऊक नाही. माझी सून माझ्या मुलाला सरळ नावानं हाक मारते, वरून "ए" लावते, आणि मला ते ऐकायला आवडतं. आमच्या आयांच्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसे. पहिलं लेकरू झालं की त्याच्या नावावर बापाला हाक मारायची. सुशीचे पप्पा, राजूचे बाबा. पप्पांना सगळं कंपाउंड याच नावानं ओळखत होतं. ती हाक मी जन्मापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी कान वेगळे लागले होते. मी मम्मीला विचारलं, "मी व्हायच्या आधी त्यांना काय म्हणायचीस?"

"काय म्हणनार? नुस्तं अहो."

"सुशीचे पप्पा कधीपासून?"

"तू झालीस तवापासून. तू न्हवतीस तर सुशीचे पप्पा कुठून येतील? यड्यावानी काय बी इचारती."

मी उठून उभी राहिले. मी जन्मले त्या घटकेला हा माणूस बाप झाला होता. त्याच्या आधी तो शमुवेल होता, मेकॅनिक होता, कुणाचा भाऊ होता, पण बाप नव्हता. माणूस म्हणून पप्पा माझ्यापेक्षा थोरले, पण बाप आणि लेक म्हणून आम्ही दोघं बरोबरीचे, एका घटकेचे. मला इतका आनंद झाला की मी मागच्या अंगणात जाऊन पप्पांना म्हटलं, "तुम्ही अन् मी एकाच वयाचे आहोत." पप्पा म्हणाले, "बरं, मग तो पाना दे."

नव्हता लेक ध्यानीमनी,
तवा बाप कुठला बाई?
ज्याला लेकरूच नाही
त्याला 'बाप' नाव नाही.

साळवे पाळकांनी ऐकलं आणि तंबाखूची पुडी खिशात परत ठेवली. मग म्हणाले, "अथनाशियस हेच म्हणत होता, सुशे. देव सदा बाप असंल तर लेकबी सदा असलाच पायजे." आणि लगेच बोट वर केलं, कारण माझ्या बेलपानांची त्यांना धास्ती होती. "पण एक ध्यानात धर. तुझे पप्पा बाप झाले. देव बाप झाला न्हाई. देव बाप हाय. माणसाच्या बाबतीत 'झाला', देवाच्या बाबतीत 'हाय'. एवढं सांभाळलंस तर तुला कुणी हाकलत न्हाई." निकायाचं अख्खं भांडण मला त्या दोन क्रियापदांत कळलं, आणि आजही कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगते. शमीमखालानंही गाणं ऐकलं. ती म्हणाली, "मेरे को तो नै पटता. पन जवाब पक्का है." तिच्याशी या विषयावर माझं जन्मभर एकमत झालं नाही आणि तिच्या घरची खिचडी-खट्टा मी जन्मभर सोडली नाही.

एकाच गोष्टीची मला टोचणी होती. आमच्या बायकांच्या गायनमंडळात मार्थाकाकू होत्या. त्यांना आणि प्रभाकरकाकांना मूल नव्हतं. तालमीत "ज्याला लेकरूच नाही" ही ओळ आली की बाकीच्या बायका त्यांच्याकडे न बघायचा प्रयत्न करायच्या, आणि तो प्रयत्न सगळ्यांना दिसायचा. मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "काकू, मी ती ओळ बदलते." त्या चुलीपुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, "खोटी हाय का ती?" मी म्हटलं, नाही. "मग कामून बदलतीस? मला बघून लोक गप होतात, ह्याची मला सवय हाय. गाण्यानं बी गप व्हावं का?" त्यांनी मला गरम भाकरीचा पापुद्रा दिला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या.

लातूरला आम्ही एसटीनं गेलो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा पप्पांनी खाली उतरून इंजिनचा आवाज ऐकला आणि ड्रायव्हरला दोन सूचना केल्या, जशी काही ती गाडी त्यांचीच. मंडप भरलेला होता. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका, मध्ये जायला वाट. पप्पांना कापसाची दाढी आणि छत्रीच्या कापडाचा काळा झगा, मला साळवे पाळकांचा झगा, बुटक्या पाळकांचा असूनही पायात येणारा. पप्पांनी एरियसचं गाणं म्हटलं आणि व्हायचं तेच झालं. दुसऱ्या वेळेला अख्खा मंडप टाळ्यांचा ठेका धरून त्यांच्या मागं म्हणायला लागला. गायकवाड सर दाराशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांची नजर माझ्यावर होती, आणि ती नजर सांगत होती की हे असंच होणार हे त्यांना ठाऊक होतं.

मग मी पुढं आले. ढोलक तीच, चाल तीच. "नव्हता लेक ध्यानीमनी" म्हटलं तेव्हा लोकांना वाटलं तेच गाणं चालू आहे, आणि तेही म्हणायला लागले. "तवा बाप कुठला बाई" आलं तशी बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. गाणं पुरं करून मी हात वर केला. ढोलक थांबली. मी म्हणाले, "बायांनो, एरियस म्हणतो लेकाआधी बाप होता. तुमीच सांगा. आपापल्या मालकाला घरी जशी हाक मारता, तशी इथं मारा." पदर पुढं ओढले गेले. तेवढ्यात आमच्या गायनमंडळातून मम्मीचा रोजचा, भाकरीच्या पिठाच्या हातानं मारावा तसा आवाज आला, "अहो, सुशीचे पप्पा." आणि एरियसच्या वेषातले पप्पा, कापसाची दाढी लावलेले, रंगमंचावरून म्हणाले, "ओ. आलो."

मंडप एवढा हसला की खांबाला बांधलेले बल्ब हलले. एरियस स्वतःच्या तोंडानं हरला होता. मग बायकांना धीर आला. "अहो, रूथचे बाबा." "अहो, मोशेचे पप्पा." "अहो, लिलीचे वडील." इकडून हाक जायची, तिकडून एक माणूस उभा राहायचा, लाजायचा, बसायचा. निलंग्याकडच्या एका म्हातारीनं कानडी हेलात हाक मारली आणि तिचा म्हातारा काठी टेकत उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "आता लेकराचं नाव काढून टाका अन् मारा." चार-पाच जणींनी एकदम "अहो" म्हटलं आणि पुरुषांची सगळी बाजू एकाच वेळी वळून बघायला लागली. कुणाला बोलावलंय कुणालाच कळेना. हसणं थांबेना.

त्या हसण्यातून मार्थाकाकू उठल्या. त्या गायनाच्या रांगेतून पुढं आल्या, पदर डोक्यावर नीट केला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात, काही न लावता, म्हणाल्या, "प्रभाकर."

चौघांत नवऱ्याचं नाव घेतलेलं तिथं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. प्रभाकरकाका मधल्या रांगेतून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, इतका खूष माणूस मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "ओ," ते म्हणाले. काकू लोकांकडे वळल्या. "आमाला लेकरू न्हाई. म्हून ह्यांना कुनी बाप म्हनत न्हाई. माझा मानूस लाखाचा हाय, पन बाप न्हाई. लेकाबिगर बाप न्हाई, ही पोरगी खरं सांगून राहिली." आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

मी संधी सोडणारी बाई नव्हते. मी विचारलं, "मग देवाला आपण काय म्हणतो?" पुरुषांच्या बाजूनं आलं, "बाप." "तो बाप कधी झाला?" साळवे पाळकांचाच आवाज आला, "झाला न्हाई, हाय." "कधीपासून हाय?" "पयल्यापासून," मंडप म्हणाला. "मग लेक कधीपासून?" आता बाया, पुरुष, सगळ्यांचा एकच आवाज उठला, "पयल्यापासून." ढोलक परत सुरू झाली आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं ते गाणं थांबवायला कुणी तयार नव्हतं. संत निकोलस झालेला माणूस थप्पड मारायची वाट बघत पडद्यामागं तसाच उभा राहिला. थप्पड मारायची गरजच उरली नव्हती.

जेवणाला लोक बाहेर पडायला लागले तेव्हा गायकवाड सर शब्द दिल्याप्रमाणे दारात उभे होते. प्रत्येक जण गुणगुणतच जात होता, आणि दोन्ही गाण्यांची चाल एकच. सर मान तिरपी करून ऐकत होते आणि कोणतं गाणं चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी ते बायकांच्या घोळक्याच्या अगदी जवळ गेले. घोळक्यात सरांच्याच पत्नी होत्या, सडपातळ, कधी कुणाशी न बोलणाऱ्या. त्या गाता गाता थांबल्या, सरांकडे बघितलं, आणि मार्थाकाकूंसारखं सरळ नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाल्या, "दावीद, जेवून घ्या, भात गार होऊन राहिला."

"ओ," सर म्हणाले. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि कोणत्या गाण्यानं बायकोचं तोंड उघडलं ते त्यांना कळून चुकलं. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, मला बघितलं, आणि माइककडे चालत गेले. मी मम्मीचा हात धरला. लाउडस्पीकर आधी खरखरला, मग सरांचा वर्गातला आवाज सगळ्या मैदानावर गेला. "आत्ता झालेलं गाणं," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "कवयित्री, सुशीला शमुवेल, मुक्काम नांदेड." पप्पा जेवणाच्या रांगेत दाढी लावूनच उभे होते. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "शमुवेल म्हंजे मी. मी तिचा बाप हाय."